एक ते पाच

अंगानं किरकोळ, चार पानांची, कोपऱ्यात स्टेपलची पिन. बोलायला मात्र भारी गोड. ‘आपला अमूल्य वेळ’ मागत घरात शिरते आणि विमा एजंटासारखी उठता उठत नाही. कोलकात्यात श्यामबाजारच्या एखाद्या जुन्या घरात आजींसमोर ही प्रश्नावली बसली, की तिचं एकच पालुपद: व्हिडिओवर डॉक्टरांना दाखवायची तुमची इच्छा किती? एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे अगदी नक्की.

एक ते पाचची ही सवय तिला रेन्सिस लिकर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९३२ मध्ये लावली. ‘उपयोगाचं वाटतं का, सोपं वाटतं का’ ही जोडगोळी १९८९ मध्ये, लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात हे तपासणाऱ्या फ्रेड डेव्हिसकडून आली.

स्वभावानं संशयी. तिसऱ्या प्रश्नाला ‘सोपं आहे’ म्हणालात, तर अकराव्याला तेच उलटं करून विचारणार: ‘हे सगळं फार किचकट आहे, नाही का?’ आजी दोन्हीकडे चार सांगतात. विचारणारी मुलगी एवढ्या उन्हातून आलेली, तिला नाही कसं म्हणायचं! प्रश्नावलीबाईंच्या लेखी हे उत्तर विसंगत. माझ्या लेखी तिनं बंगाली पाहुणचार अचूक मोजला.

संशयाची परंपरा या शहराला जुनीच. १९३१ मध्ये इथं भारतीय सांख्यिकी संस्था उभारणारे महालनोबिस पिकांच्या पाहणीत एकाच भागात दोन स्वतंत्र तुकड्या धाडत, म्हणजे मोजणाऱ्याचीच चूक सापडे. आमची बाई फक्त उत्तर देणाऱ्यावर नजर ठेवते.

तिची खरी पंचाईत वेगळीच. आजींचा फोन नातू लावतो. खेड्याकडं जा, तर राज्य सरकारच्या २०२१ पासूनच्या ‘स्वास्थ्य इंगित’ या दूरवैद्यक सेवेत सुस्वास्थ्य केंद्रातली कर्मचारी कॉल जोडून देते, रोगी नुसता पडद्यापुढं बसतो. ‘ॲप वापरायला जमतं का?’ याला त्यानं काय सांगावं? इच्छा मोजायची ती आजींची, नातवाची की त्या ताईंची? चौकटी मात्र एकाच माणसापुरत्या.

शेवटी ‘आणखी काही सांगायचं असल्यास’ म्हणून दीड ओळ सोडलेली. तिथं आजी सुटतात. डाक्तारबाबू नाडी बघत नाहीत, पोट दाबून बघत नाहीत; पण पावसात गुडघाभर पाण्यातून रांगेला जाण्यापेक्षा बरं. आणि नातू बंगळुरूला गेला की फोन कोण लावणार? दीड ओळीत मावेना, म्हणून मुलगी समासात लिहिते. गठ्ठा ऑफिसात गेल्यावर आजींचे चार इतरांच्या चारांत मिळवून सरासरी काढतात. समासाला संगणकात रकानाच नसतो.