धोटा

कापडगिरणीतून आमच्या घरी दोनच गोष्टी आल्या. बाबांचा खोकला आणि हा धोटा.

मागावर आडवं सूत घेऊन धावणारा, हातभर लांब, लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, पोटात सुताची कांडी बसवायची खाच. झिजून निकामी झाला, म्हणून जॉबरने, म्हणजे खात्यातल्या मुकादमाने, बाबांना देऊन टाकलेला. बाजूला बारीक भोक आहे. सूत बाहेर काढायला साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, त्याला तोंड लावून श्वास आत ओढत; सुताबरोबर तूसही छातीत जाई. हुक वापरायचा ना, असं मी विचारलं की बाबा म्हणत, ‘साचा थांबला की पैसे थांबले.’ पगार कापडावर होता, तासांवर नाही.

आम्हा भावंडांची ती आगबोट होती. गणपतीच्या आराशीतही एकदा तिला मान मिळाला.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. महिन्याभरात मिटेल, असं चाळीतले जाणते सांगत होते. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्यावर बाबांचा शेवटपर्यंत विश्वास. पावसाळ्यात बाबा गावी भात लावायला गेले, आईने खानावळीला चपात्या लाटून देणं धरलं. एकदा तिने धोटा भंगारात काढला. भंगारवाला म्हणाला, ‘टोप्यांचे देतो, लाकूड तुमचं तुम्हाला.’ आईने तो मुकाट्याने फळीवर ठेवला.

थोरल्या भावाने शाळा सोडून भिवंडी गाठली. यंत्रमागावर, बारा तासांची पाळी. ना फंड, ना ग्रॅच्युइटी. संपात गिरणीमालकांचं कापडही तिथूनच विणून येत होतं. भाऊ सुट्टीला आला की बाबा त्याचे हात बघत, बोलत काहीच नसत. कापडधंदा बुडाला म्हणतात, ते मला पटत नाही. धोटा चालूच राहिला. चालवणाऱ्याचं नाव तेवढं हजेरीपटावरून गेलं.

लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जमिनींचं पुढे काय झालं ते सगळ्यांना दिसतंच आहे. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाने अर्ज मागवले तेव्हा भाऊच रांगेत उभा राहिला, बाबांचा वारस म्हणून. ओळखपत्र, तिकीट नंबर, फंडाची पावती, सगळं बाबांचं. भिवंडीत जन्म घालवून त्याच्या स्वतःच्या नावाचा असा एक चिटोराही नाही.