सगळी सारखीच? नीट बघा, बॉस!

एकाच नाण्याच्या चाळीस-चाळीस प्रती जपणारी माणसं नेमकं काय जपतात? फोर्टच्या फुटपाथपासून थेट नाशिकजवळच्या जोगलटेंभीपर्यंतचा खणखणीत शोध

शेवटचं नाणं नीट निरखून कधी पाहिलं होतं, आठवतंय? नाही ना? साहजिक आहे. वडापाववाल्यालाही आपण क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देतो. चिल्लर म्हणजे ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये स्टेपलरच्या पिनांसोबत लोळणारी वस्तू. अशा दिवसांत कुणी एक रुपयाची चाळीस नाणी प्लास्टिकच्या कप्प्यांत घालून, तारखा टाकून ठेवत असेल, तर आपली पहिली रिअ‍ॅक्शन ठरलेली : 'काम नाही का याला दुसरं?'

जुनी, दुर्मीळ नाणी जमवणं एकवेळ समजू शकतं. राजा-राणीची, चांदीची, सोन्याची... पण तेच ते नाणं पुन्हा पुन्हा? एक मिळालं की विषय संपायला नको? कुठल्याही नाणीवेड्याला हा प्रश्न विचारा, तो आधी दयेनं तुमच्याकडे बघेल आणि मग खिशातून भिंग काढेल.

वर्षाखाली काय आहे?

ही माणसं बघायची असतील तर शनिवारी दुपारी सीएसएमटीला उतरायचं आणि हुतात्मा चौकाच्या दिशेनं रमतगमत चालायला लागायचं. मोबाइल कव्हर, बेल्ट आणि पायरेटेड पुस्तकांच्या गर्दीत मध्येच एखादा नाणीवाला दिसतो. जमिनीवर अंथरलेलं कापड, त्यावर परदेशी नोटा, जॉर्ज पंचमचे पैसे आणि एका कोपऱ्यात आपल्याच काळातल्या एक-दोन रुपयांचा ढीग. पर्यटक राजा-राणीकडे वळतात. मुरलेला संग्राहक उकिडवा बसतो तो या ढिगापुढे.

मला भेटलेले काका तसेच बसले होते. हाफ शर्ट, खांद्याला शबनम, हातात भिंग. रुपयाची दोन नाणी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. वर्ष एकच, चित्र एकच, झीजसुद्धा साधारण तेवढीच.

"सांग, फरक काय?"

"काहीच नाही, काका."

"वर्षाच्या खाली बघ."

बघितलं. एका नाण्यावर वर्षाखाली छोटीशी चौकट होती, पत्त्यातल्या चौकटसारखी. दुसऱ्यावर चांदणी. चौकट म्हणजे आपली मुंबईची टाकसाळ, चांदणी म्हणजे हैदराबाद. गोल टिंब असेल तर नोएडा आणि काहीच खूण नसेल तर कोलकाता. म्हणजे आपल्यासाठी जो एक रुपया, तो यांच्यासाठी चार शहरांचा चार वेगळ्या तोंडवळ्यांचा रुपया! त्यात 1985 च्या काही रुपयांवर 'एच' असतो, कारण ते बर्मिंगहॅममध्ये पाडले गेले. काही वर्षी मेक्सिकोतूनही नाणी आली, त्यांवर बारीक वर्तुळ आणि 'एम'. कधीकाळी आपण पानाच्या टपरीवर जो रुपया सहज पुढे सरकवला, तो कदाचित सातासमुद्रांपलीकडून आलेला होता. आपण त्याच्याकडे बघितलंही नाही.

आता गुणाकार करा. प्रत्येक वर्ष, प्रत्येक किंमत आणि वेगवेगळ्या टाकसाळी. शिवाय टाकसाळीत चित्राचा ठसा झिजला की नवा येतो. त्यात आकड्याची शेपटी थोडी लांब, अक्षर थोडं जाड होतं, तो आणखी एक प्रकार. कधी ठसा सरकतो आणि नाणं चुकीचं छापलं जातं. ते तर यांच्यासाठी दिवाळीच!

दहा रुपयांच्या नाण्याचंच बघा ना. 'हे चालत नाही, खोटं आहे' म्हणून किती दुकानदारांनी ते परत केलं असेल! शेवटी जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं, की या नाण्याची तोवर 14 डिझाइन्स आली आहेत आणि सगळी चालतात. दुकानदाराला जी भानगड वाटली, ती संग्राहकासाठी 14 चा सेट होती.

बारा वर्षं चाललेलं एक वर्ष

फोर्टात हिंडताना हॉर्निमन सर्कल ओलांडलं की समोर एशियाटिकच्या पायऱ्या आणि शेजारच्या शहीद भगतसिंग रोडवर मुंबईची टाकसाळ. 1829 पासूनची ही वास्तू. आत सहज फेरफटका मारता येत नाही, बाहेरूनच सलाम. पण डुप्लिकेटचा सगळ्यात भारी किस्सा या टाकसाळीचाच आहे.

व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर 1862 हे साल आहे. ते 1862 मध्ये पाडलेल्या नाण्यांवर आहेच, पण 1863 च्याही आहे, 1870 च्याही आहे. पार 1873 पर्यंत पाडलेल्या रुपयांवर 1862 हेच साल छापलं जात होतं! साल गोठवण्याची ही सवय जुनीच. कंपनीच्या काळात सराफ जुन्या सालाच्या नाण्यावर बट्टा कापत, म्हणून बंगालच्या सिक्का रुपयावर शाह आलमच्या राज्याचं 19 वं वर्ष तसंच ठेवून दिलं गेलं होतं. तारीखच बदलली नाही, तर नाणं जुनं कसं ठरणार?

आता गंमत ऐका. मुंबईच्या टाकसाळीनं 1862 च्या आसपास बारीक टिंबं द्यायला सुरुवात केली. टिंबं मोजली की नाणं खरं कुठल्या वर्षी पाडलं, हे कळतं. म्हणजे राणी तीच, साल तेच, चांदी तीच आणि तरी एकेका नाण्याचा जन्म वेगळ्या वर्षीचा. ज्याच्याकडे 1862 चा एकच रुपया आहे, त्याच्याकडे एक जुना रुपया आहे. ज्याच्याकडे वेगवेगळ्या टिंबांचे दहा आहेत, त्याच्याकडे टाकसाळीची एक डायरी आहे.

1911 चा रुपयाही असाच जोडीनं ठेवायचा. पंचम जॉर्जच्या झग्यावर एक इवलासा हत्ती होता. त्याची सोंड एवढी आखूड उतरली, की लोकांना तो डुक्कर वाटला. बोंब झाली, नाणी मागे घेतली गेली, बरीचशी वितळवली आणि 1912 पासून हत्ती नीट केला गेला. एकट्या 1911 मध्ये विनोद कळत नाही. शेजारी 1912 ठेवला की कळतो.

शिवराईचं जिगसॉ

यंत्रांच्या आधीची नाणी पाहिली की हा नाद आणखी पटतो. शिवराई घ्या. महाराजांचं तांब्याचं नाणं, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. महाराजांनंतरही ही नाणी पाडली जात राहिली आणि 19 व्या शतकातही ती बाजारात फिरत होती. त्यामुळे अक्षरांची वळणं किती, चिन्हं किती, गणतीच नाही. मधल्या दोन आडव्या रेघांमुळे 'दुदांडी' हे नाव पडलेली शिवराई तर वेगळीच.

यातली खरी मेख काय, तर नाणी हातानं ठोकून पाडायची. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान आणि घाव बसेल तिथे बसेल. त्यामुळे एका नाण्यावर 'श्री'चा अर्धा भाग गायब, दुसऱ्यावर 'शिव' कडेबाहेर. संपूर्ण ठसा डोळ्यांनी बघायचा असेल, तर एकाच ठशाची पाच-सात नाणी शेजारी ठेवून मजकूर जुळवावा लागतो. जिगसॉ पझलच! अशा वेळी 'एक आहे ना, मग दुसरं कशाला' म्हणणं म्हणजे पझलचा एक तुकडा ठेवून बाकीचे फेकून देणं.

नऊ हजार वेळा तीच गोष्ट

आणि आता सगळ्यांचा बाप. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. थोडीथोडकी नाहीत, 13 हजारांहून अधिक नाणी आणि सगळी नहपान या क्षत्रप राजाची. म्हटलं तर डुप्लिकेटचा डोंगर. 1908 मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला तो याच एशियाटिकच्या जर्नलमध्ये. त्यातून कळलं, की त्यांपैकी 9 हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर थेट सातवाहनांचा तीन कमानींचा डोंगर!

विचार करा, यातलं एकच नाणं सापडलं असतं तर? कुणीतरी गंमत केली असेल, म्हणून सोडून दिलं असतं. पण नऊ हजार नाणी गंमत म्हणून कुणी पुन्हा ठोकत नाही. हरलेल्या राजाचा पैसा जिंकलेल्या राजानं आपल्या नावावर करून घेतला, याचा तो पुरावा होता. नाशिकच्या लेण्यांमध्ये गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलानं क्षहरातांचा वंश निखंदून काढल्याचं त्यात कोरलंय. दगड म्हणतो तेच नाणी म्हणतात. आणखी एक : सगळ्या नाण्यांवर नाव नहपानाचंच, पण चेहरे मात्र एकसारखे नाहीत. हे कळायलाही शेकडो चेहरे शेजारी शेजारी ठेवावे लागतात.

म्हणून असा साठा फुटला, चार जणांनी 'चांगली चांगली' उचलली आणि उरलेली वितळवली, की नाणी राहतात पण त्यांची साक्ष जाते. हे राजांच्या खजिन्याइतकंच घरातल्या डब्यालाही लागू आहे.

बिस्किटांचे दोन डबे

त्या शनिवारी फुटपाथवर पस्तिशीच्या एक बाई आल्या. पाठीला लॅपटॉपची बॅग, हातात बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे. वडील वारले होते, घर रिकामं करायचं होतं. नाणीवाल्यानं झाकण उघडलं, वरवर हात फिरवला आणि म्हणाला, "सगळा डुप्लिकेट माल आहे ताई. वजनावर घेतो."

एका डब्यात सुटी नाणी होती. दुसऱ्यात मात्र कागदाची बारीक पाकिटं, प्रत्येकावर निळ्या शाईनं लिहिलेलं. काकांनी एक पाकीट उचलून वाचलं. नाण्याचं वर्ष, टाकसाळ आणि खाली : 'कल्याण, तिकीट खिडकी, सुटे परत.' दुसऱ्यावर डॉक्टरच्या दवाखान्याचं नाव. तिसऱ्यावर 'चिऊच्या शाळेबाहेर, पेरूवाला.'

"चिऊ कोण?" काकांनी विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "पगार झाला की बाबा बँकेतून सुट्यांच्या थैल्या आणायचे. रात्री ओतून बसायचे. आई वैतागायची. मला वाटायचं, नुसती मोजतात."

काकांनी भाव सांगितला नाही. एवढंच म्हणाले, "ताई, यातली बरीच नाणी रुपयाला रुपयाच आहेत. खोटं कशाला सांगू? पण पाकिटांतून काढू नका. काढली की खरंच डुप्लिकेट होतील."

सुट्या नाण्यांचा डबा त्यांनी विकला. पाकिटांचा परत नेला.

मग ठेवायची किती?

अर्थात प्रत्येक डुप्लिकेटमागे इतिहास असतोच असं नाही, हे संग्राहकही हसत हसत कबूल करतात. काही वेळा कारण साधं असतं. अल्बममध्ये नाण्याच्या दोन्ही बाजू एकदम दिसाव्यात म्हणून दोन. चांगलं मिळेपर्यंत झिजलेलं एक. मित्राशी अदलाबदल करायला चार, कारण या मंडळींत पैशापेक्षा 'माझं हे घे, तुझं ते दे' हा व्यवहार जास्त प्रेमाचा. आणि थोडा हावरटपणाही असतोच की! पण निदान तो लाल चौकटीत सेल लावून आपल्याला गंडवत नाही.

तुम्हालाही किडा चावला असेल तर सुरुवातीला खर्च शून्य आहे. घरातली चिल्लर ओता, वर्षाखालच्या खुणा बघा, चार टाकसाळींचा एक सेट करून दाखवा. मी पैजेवर सांगते, नोएडाचं टिंब दिसल्यावर तुम्ही ओरडणार!

वीकेंड प्लॅन

कुठे जाल : सर पी. एम. रोडवरच्या अमर बिल्डिंगमध्ये रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आहे. 2004 मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तिथून हॉर्निमन सर्कल, एशियाटिकच्या पायऱ्या आणि टाकसाळ हे सगळं चालत. निघण्याआधी म्युझियमची वेळ तपासा.

लांब जायची तयारी असेल तर : नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर. पावसाळ्यात डोंगर आणि नाणी, दोन्हींचा योग. येताना नाशिकची लेणी चुकवू नका.

हे करू नका : जुनं नाणं चिंच, राख, पॉलिश कशानंही घासू नका. चमक येते आणि किंमत जाते.

हे तर अजिबात नको : 'वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं द्या, लाखो घ्या' अशा जाहिरातींना भुलू नका. जुन्या नाणी-नोटांच्या खरेदी-विक्रीसाठी आपल्या नावानं फी आणि टॅक्स मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनंच ऑगस्ट 2021 मध्ये बजावलंय.

आणि हे नक्की करा : नाणं पाकिटात ठेवताना ते कुठे, कधी, कुणाकडून मिळालं, ते वर लिहा. दोन ओळी पुरतात.