नाशिकहून दिल्ली किती दूर

दोन दूरच्या शहरांमधले हवाई अंतर पृथ्वीच्या पृष्ठभागावरील सर्वांत जवळच्या वाटेने, म्हणजे भूगोलात ज्याला बृहद्‌वृत्त म्हणतात त्या वर्तुळाच्या कंसावरून मोजले जाते, आणि या हिशेबाने नाशिकजवळच्या ओझरच्या धावपट्टीपासून दिल्ली जेमतेम 1,000 किलोमीटरवर आहे. लोहमार्ग मात्र भुसावळ, इटारसी, भोपाळ असा वळसा घेत सुमारे साडेतेराशे किलोमीटर धावतो. त्यामुळे 1970 च्या दशकात वाढलेल्या नाशिककराच्या लेखी दिल्ली म्हणजे जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र होती. नाशिकरोडच्या फलाटावर वळकटीवर बसून पंजाब मेलची वाट पाहणाऱ्या त्या मुलाला विमानप्रवास आपल्यासाठी असतो असे वाटण्याचे काही कारणच नव्हते.

ही गोष्ट मनाला लागते, कारण हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा ओझरचा कारखाना 1964 साली उभा राहिला, ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणारी मिग-21 विमाने तिथे बनली, आणि तरीही पुढे कित्येक दशके नियमित प्रवासी सेवेने तिथे मूळ धरले नाही. तो मुलगा नोकरीला लागून विमानाने जाऊ लागला, तेव्हा उत्तरेकडच्या दिल्लीसाठी त्याला आधी नैर्ऋत्येकडची मुंबई गाठावी लागे. पावसाळ्यात कसारा घाटात धुके दाटले आणि पुढे मालट्रकांची रांग लागली, की चारचा प्रवास सहा तासांवर जाई. वेळापत्रकातले उड्डाण मात्र दोन तासांचेच असे आणि त्यातही आकाशातल्या पूर्ण वेगाने ते अंतर सुमारे सव्वा तासाचेच. उरलेला वेळ धावपट्टीकडे सरकण्यात, चढण्या-उतरण्यात जातो, कारण विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा सगळा काळ, म्हणजेच ‘ब्लॉक टाइम’, त्यात धरलेला असतो.

2018 मध्ये ओझरहून दिल्लीची सेवा सुरू झाली. ती चालवणारी कंपनी पुढच्याच वर्षी बंद पडली, तरी कालांतराने उड्डाणे पुन्हा सुरू झाली आणि दिल्ली खऱ्या अर्थाने दुपारच्या जेवणाइतकी जवळ आली.

तोवर त्याच्या पिढीची मुले अमेरिकेत स्थिरावली होती. मुंबई-न्यूयॉर्क हे अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. न थांबता जायला सोळा तासांच्या आसपास लागतात, आणि येताना उंचावरचे पश्चिमेकडून वाहणारे वेगवान वारे, म्हणजे जेट प्रवाह, पाठीशी असल्याने वेळ कमी लागतो. लाडू-चिवड्याचे डबे काट्यावर तोलून बॅग 23 किलोंत बसवणाऱ्या आईवडिलांना त्या वाऱ्यांपेक्षा घाटाचीच धास्ती अधिक असे. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि कसाऱ्याजवळच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्याने तो घाट टळला. आमण्यापासून विमानतळापर्यंतची वाट मात्र मुंबईच्या वाहतुकीच्याच हाती आहे, म्हणून मध्यरात्रीनंतरच्या विमानासाठी नाशिकची माणसे अजूनही दिवेलागणीलाच घर सोडतात.