‘लेस’च्या बाजूने

इंग्रजीच्या वर्गात एक नियम मी वर्षानुवर्षं ठासून शिकवला: मोजता येतं त्याला ‘फ्युअर’, मोजता येत नाही त्याला ‘लेस’. माणसं ‘फ्युअर’, पाणी ‘लेस’. मराठीत दोन्हीकडे ‘कमी’वर भागतं, त्यामुळे आपली मुलं इथे हमखास अडखळतात. ‘लेस स्टुडंट्स’ दिसलं की मी लाल रेघ ओढून अर्धा मार्क कापायचो. आता कापत नाही.

याची सुरुवात एका विद्यार्थिनीच्या शंकेने झाली. “सर, मैल मोजता येतात, रुपयेही मोजता येतात, मग ‘लेस दॅन फाइव्ह माइल्स’, ‘लेस दॅन हंड्रेड रुपीज’ कसं चालतं?” अंतर आणि रक्कम एकगठ्ठा धरतात, असं मी सांगितलं, आणि ते खरंही आहे. पण मग ‘वन लेस प्रॉब्लेम’? ती तर मोजून एक अडचण. तिथे ‘वन फ्युअर’ इंग्रजांच्याही तोंडी क्वचितच येतं.

मग नियमाचं मूळ शोधत गेलो. ते सापडतं रॉबर्ट बेकर यांच्या १७७० सालच्या पुस्तकात. संख्येसाठी लोक ‘लेस’ सर्रास वापरतात, पण तिथे ‘फ्युअर’ अधिक शोभेल, असं त्यांनी स्वतःची आवड म्हणून मांडलं होतं. त्या आवडीचा कायदा पुढच्यांनी केला.

‘लेस’चा हा वापर तर त्याहून कितीतरी जुना. नवव्या शतकाच्या अखेरीच्या, आल्फ्रेड राजाच्या नावावर असलेल्या बोएथियसच्या अनुवादात तो आहे. जुन्या इंग्रजीत ‘लेस’पुढचं नाम षष्ठीच्या अनेकवचनात येई, ‘शब्दांपैकी कमी’ अशा धर्तीवर. काळाच्या ओघात षष्ठीचा प्रत्यय झिजला आणि नुसतं ‘लेस वर्ड्स’ उरलं. म्हणजे ज्याला मी घसरण समजत होतो, तो भाषेचा सरळ चालत आलेला प्रवाह निघाला.

तरी माझं मत खऱ्या अर्थाने फिरवलं ते ‘मोअर’ने. एकेकाळी तिकडेही दोन शब्द होते: मोजता येणाऱ्यासाठी ‘मो’, बाकीच्यासाठी ‘मोअर’. शेक्सपिअरच्या काळापर्यंत ‘मो’ तग धरून होता, नंतर गेला. आज ‘मोअर वॉटर’ही म्हणतात आणि ‘मोअर पीपल’ही. त्याने कुणाचंही काही अडलं नाही आणि कुणी हळहळलंही नाही.

ब्रिटनमध्ये टेस्कोच्या दुकानांत थोडंच सामान असलेल्या गिऱ्हाइकांच्या रांगेवर ‘टेन आयटम्स ऑर लेस’ अशी पाटी असे. भाषाशुद्धीवाल्यांचा तिच्यावर राग होता. २००८ मध्ये कंपनीने तिच्या जागी ‘अप टू टेन आयटम्स’ आणलं. दोन्ही शब्द टाळूनच टाकले. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आज विचारावंसं वाटतं, त्या जुन्या पाटीचा अर्थ कुणाला कळत नव्हता?

‘फ्युअर’ मला आजही आवडतो. अर्जात, निबंधात, परीक्षेत तोच लिहा, असं मी मुलांना सांगतो, कारण तपासणारा तोच शोधत असतो. आणि हे कारण मी त्यांच्यापासून लपवत नाही. मात्र वक्तृत्व स्पर्धेत एखादा मुलगा भरात येऊन ‘लेस पीपल’ म्हणून गेला आणि त्यापायी त्याचे मार्क कापायचं बोलणं निघालं, तर परीक्षकांच्या खोलीत मी त्याच्या बाजूने बोलतो.