साखळी, खांब, सुलट, उलट

वऱ्हाडात खरी थंडी दीड-दोन महिन्यांची. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन बसवत नाही. त्यामुळेच असेल, आमच्या नात्यातल्या घरांत लोकरीपेक्षा सुती दोऱ्याचं क्रोशाकाम जास्त. टीव्हीवरचा रुमाल, दारावरचं तोरण, रुखवतात मांडलेली झाकणं. लोकर निघायची ती बाळंतविड्यासाठी. मी अमरावतीत या वस्तूंमध्येच वाढले, पण त्या होतात कशा हे कधी निरखून पाहिलं नव्हतं. धाकट्या बहिणीला दिवस गेले आणि बाळासाठी काहीतरी आपल्या हातचं असावं असं फार वाटू लागलं. अकोल्याला जठारपेठेत माझी मावशी राहते. शिकायला तिच्याकडे गेले.

मावशीनं लोकर हातात दिलीच नाही. आधी पांढरा जाड दोरा आणि आकडीची सुई. सरकगाठ मारायची, दोरा डाव्या करंगळीभोवती एक वेढा देऊन तर्जनीवरून आणायचा, आणि साखळी घालत जायचं. दुपारभर नुसती साखळी.

"मावशी, पुढचा टाका कधी दाखवशील?"

"कायले घाई करून राहिली? दोरा आवळू नोको. घर सैल राहिलं त सुई आत जाईन."

हात भरभर विणू लागले तरी त्या ढिलाईचा अंदाज यायला वेळ लागतोच, आणि त्याला दुसरी वाट नाही असं माझं ठाम मत झालं आहे. साखळी उसवली की दोरा सगळाच्या सगळा परत मिळतो. शिवणात एकदा कापड कापलं की संपलं. इथे तसं भय नाही, आणि नव्या माणसाला याचा फार आधार वाटतो.

साखळीनंतर मुका खांब आणि मग खांब. ओळ संपली की खांबासाठी तीन साखळ्या घालून वळायचं, आणि त्या तीन साखळ्या म्हणजेच पुढच्या ओळीचा पहिला खांब. हे एकदा कळलं की कापडाच्या कडा सरळ राहतात. गोल रुमालाचं गणित मला सगळ्यात आवडलं. पहिल्या फेरीत 12 खांब, दुसरीत 24, तिसरीत 36. म्हणजे दर फेरीला 12 वाढवायचे. मुक्या खांबाचं काम असेल तर 6. मावशीनं मुद्दाम तीन तुकडे करायला लावले. वाढ कमी ठेवली तो खोलगट झाला, जास्त ठेवली त्याला झालर पडली, बरोबर ठेवली तो टेबलावर सपाट बसला. बाळाचं टोपडं म्हणजे यातलाच पहिला तुकडा. हवा तेवढा गोल झाला की वाढ थांबवायची, कापड आपोआप खाली वळतं.

सुयांवरचं विणकाम नंतर आलं. त्यासाठी अमरावतीला जवाहर गेटच्या आतल्या एका दुकानातून लोकर आणि सुया घेतल्या. लोकर म्हणायचं, पण हाती आलेली बहुतेक ॲक्रिलिकच असते. रोज धुवायच्या कपड्यांना ती सोयीची पडते. सुयांचे जुने नंबर उलटे चालतात. 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर आणि 10 नंबर म्हणजे 3.25, नंबर मोठा तितकी सुई बारीक. नव्या सुयांवर मिलिमीटरच लिहिलेले असतात, म्हणून जुन्या वहीतला नमुना घेताना हे आधी पाहून घ्यावं.

क्रोशात एका वेळी एकच टाका सुईवर जिवंत असतो. विणकामात ओळीतले सगळे. एक निसटला की खालपर्यंत शिडी उसवत जाते, आणि ती वर चढवायला पुन्हा क्रोशाची आकडीच कामी येते. मावशीनं क्रोशा आधी का शिकवला, ते मला इथे उमगलं. सुलट टाका समोरून व्हीच्या आकाराचा दिसतो, उलट टाका आडव्या उंचवट्यासारखा, आणि एकाची पाठ म्हणजेच दुसरा. एक ओळ सुलट, एक उलट विणली तर कापड गुळगुळीत होतं, पण कडा गुंडाळतात. म्हणून स्वेटरच्या काठाला दोन सुलट, दोन उलट. ही कारणं कळली की मोजणी पाठ करावी लागत नाही. विणलेलं वाचता येतं.

आणि वाचता येऊ लागलं की घरातले रुमाल पाहताना हात थबकतो. एका रुमालात किती संध्याकाळी गेल्या असतील याचा अंदाज आता येतो. आंध्रातल्या नरसापूरच्या भागात क्रोशाची लेस विणून हजारो बायकांनी घरं चालवली. मारिया मीस यांनी 1982 साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. परदेशी बाजारात जाणारं हे काम 'घरबसल्या फावल्या वेळचं' म्हणून मोजलं जातं आणि त्यामुळे मजुरी पडते तुटपुंजी, असं त्यांनी त्यात दाखवलं. आमच्या मावशीच्या कामाला तर कधी मजुरीही लागली नाही. नातेवाइकांनी "छान आहे" म्हणून रुमाल मागून नेले. हातानं विणलेल्या वस्तूची घासाघीस मी आता कुठेच करत नाही.

टोपडं आणि मोजे बहिणीकडे पोचले. सध्या आजीच्या पेटीतला एक रुमाल समोर ठेवून त्याचा नमुना वहीत उतरवते आहे, 'खां' म्हणजे खांब, 'सा' म्हणजे साखळी, अशा मावशीच्याच खुणांनी. दोरा फार बारीक आहे, तेवढा बारीक मला इथे अजून मिळालेला नाही. आठव्या फेरीत पाकळ्यांची टोकं जिथे एकमेकांना जोडली आहेत तिथे दोन खांब एकत्र बंद केलेत की तीन, ते भिंगाखालीही नीट दिसत नाही. पुढच्या रविवारी रुमाल घेऊन अकोल्याला जाणार आहे.