आदेशात कारण लिहिलेलं नव्हतं

कोणत्याही न्यायालयाने मला आजवर दोषी ठरवलेलं नाही. तरीही 2021 च्या अखेरीस, कांद्याची लागवड चालू असताना, मला घर आणि शेत सोडून जिल्ह्याबाहेर जावं लागलं आणि पुढची काढणी होऊन गेल्यावरच मी परत येऊ शकलो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 56 खाली मला तडीपार केलं होतं.

आमचं गाव कालव्याच्या टेलला आहे. आवर्तन सुटलं की वरच्या चाऱ्या भरून वाहतात आणि आमच्यापर्यंत येईतो पाणी आटतं. त्यासाठी आम्ही रास्ता रोको केले, पाटबंधारे कार्यालयात ठिय्या दिला. माझ्यावरचे सगळे गुन्हे याच आंदोलनांतले. सर्वांत जुन्या खटल्यात मी निर्दोष सुटलो होतो. दुसरा रस्ता अडवल्याचा, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 341 चा. तिसऱ्यात 353 लावली होती, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यावर बळाचा वापर केल्याचा आरोप. हे दोन्ही खटले चालू होते आणि मी प्रत्येक तारखेला हजर राहत होतो.

मग कारणे दाखवा नोटीस आली. माझ्या हालचालींमुळे परिसरातल्या लोकांच्या जीविताला आणि मालमत्तेला धोका आहे आणि माझ्या भीतीने साक्षीदार उघडपणे पुढे येत नाहीत, असं तिच्यात लिहिलं होतं. गुन्ह्यांच्या यादीत निर्दोष सुटलेला खटलाही होता. त्याखाली ‘साक्षीदार अ’ आणि ‘साक्षीदार ब’ यांच्या गोपनीय जबाबांचा सारांश. मी म्हणे बाजारपेठेत एका दुकानदाराला चाकू दाखवून पैसे काढून घेतले. दुकान कोणतं, दिवस कोणता, काहीच नाही. ज्या दिवसाची तारीखच सांगितलेली नाही, त्या दिवशी मी कुठे होतो हे कुणाला आणि कसं पटवून देणार?

माझ्या वकीलताईंनी मला कायदा समजावून सांगितला. खटल्यात सरकारला गुन्हा सिद्ध करावा लागतो, साक्षीदार समोर उभा राहतो, त्याची उलटतपासणी होते. तडीपारीत यातलं काहीच लागत नाही. कलम 59 प्रमाणे आरोपांचं साधारण स्वरूप कळवलं आणि म्हणणं मांडायची वाजवी संधी दिली की पुरतं. तपशील दिला तर साक्षीदार ओळखू येईल, म्हणून साधारण स्वरूप पुरेसं आहे, असं सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलेलं आहे. तडीपारीच्या अधिकाराची घटनात्मकता त्या न्यायालयाने थेट 1952 पासून मान्य केली आहे. संविधानाचा अनुच्छेद 19 देशात कुठेही मुक्तपणे फिरण्याचा आणि राहण्याचा हक्क देतो, पण त्याच अनुच्छेदाचा पाचवा खंड सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालायची मुभाही देतो.

हा कायदा मुळातच नको, असं मी म्हणणार नाही. आमच्याच तालुक्यात वाळूवाल्यांची दहशत मी पाहिली आहे. रात्री नदीपात्रात ट्रॅक्टर उतरतात हे सगळ्या गावाला माहीत असतं, पण पंच म्हणून सही करायला कुणी धजत नाही. सही केली तर दुसऱ्या दिवशी उभ्या पिकात जनावरं सोडली जातात. अशा माणसाविरुद्ध साक्षीदार मिळत नाही, म्हणून सरकारने हातावर हात ठेवून बसावं का? नाही. कलम 56 त्या दहशतीसाठी आहे. पण आवर्तनाचं पाणी मागणारा आणि नदी पोखरणारा एकाच छापील मसुद्यात बसवले जातात, तेव्हा कायद्याचा हेतूच हरवतो.

मी लेखी उत्तर दिलं. सरपंचांपासून दुकानदारांपर्यंत अनेकांची प्रतिज्ञापत्रं जोडली, निर्दोष सुटल्याच्या निकालाची नक्कल जोडली. प्रांतसाहेबांसमोर सुनावणी झाली. आदेश आला तो माझा जिल्हा आणि शेजारचे दोन जिल्हे, मुदत दोन वर्षं. कलम 58 प्रमाणे यापेक्षा जास्त मुदत देताच येत नाही, म्हणजे मला कमाल मुदत दिली होती. ती का दिली, याचं एक वाक्यही आदेशात नव्हतं. शेजारच्या जिल्ह्यांत माझ्यावर एकही गुन्हा नव्हता, मग तिथे बंदी का, तेही नव्हतं. प्रतिज्ञापत्रांचा उल्लेख ‘समाधानकारक नाहीत’ एवढाच.

पोलिसांनी मला हद्दीबाहेर सोडलं आणि मी चाकणला मावसभावाकडे गेलो. एका गोदामात माल उतरवायचं काम मिळालं. जिथे राहतो तिथल्या पोलीस ठाण्यात पत्ता कळवायची अट होती. तिथल्या हवालदाराने कागद वाचून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर पुढे घरमालकाच्या आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांतही आली. गावाकडे वर्तमानपत्रात नावानिशी बातमी छापून आली होती. चुलतबहिणीच्या सोयरिकीची बोलणी तेव्हा थांबली. कुणी कारण सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

शेत बायकोने सांभाळलं. लागवडीला मजूर बघणं, रात्रीची लाइट आली की मोटर चालू करायला जाणं, काढणीनंतर कांदा चाळीत भरणं, सगळं तिनेच. फोनवर ती एवढंच म्हणायची, “अहो, इकडची काळजी करू नका, तुम्ही तेवढं जिल्ह्यात येऊ नका.” परवानगीशिवाय परतलो तर कलम 142 खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे तिलाही पाठ झालं होतं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, तेव्हा मी तात्पुरत्या परवानगीचा अर्ज केला. परवानगीचा कागद हातात आला तोवर आईच्या डोळ्याची पट्टी निघाली होती.

कोर्टाच्या तारखांना मात्र जाता येत होतं. आधी पोलिसांना कळवायचं, न्यायालयात हजर व्हायचं आणि काम संपताच हद्दीबाहेर पडायचं. कोर्टापासून माझं गाव जवळच आहे. मुलगी शाळा बुडवून कोर्टाच्या आवारात यायची आणि वकीलताईंच्या टेबलाशी बसून माझ्याबरोबर डबा खायची.

कलम 60 प्रमाणे तीस दिवसांच्या आत अपील केलं. ते फेटाळलं गेलं आणि त्या आदेशातही मुदतीबद्दल किंवा क्षेत्राबद्दल कारण नव्हतं. मग अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ती प्रलंबित असताना, 28 जानेवारी 2022 ला, सर्वोच्च न्यायालयाने जालना जिल्ह्यातल्या एका तडीपारीचं प्रकरण निकाली काढलं. न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने तो आदेश रद्द केला. तडीपारी हा असाधारण उपाय आहे, तो अगदी जपून वापरला पाहिजे, कारण त्याने माणूस स्वतःच्या घरात कुटुंबासोबत राहू शकत नाही आणि त्याची रोजीरोटीही जाऊ शकते, असं न्यायालयाने म्हटलं. जुन्या गुन्ह्यांचा आजच्या आदेशाशी जिवंत संबंध दिसला पाहिजे आणि कमाल मुदत द्यायची तर तिची गरज का वाटली हे आदेशातून कळलं पाहिजे, असंही स्पष्ट केलं. त्याआधी ऑगस्ट 2021 मध्ये अमरावतीच्या एका पत्रकाराची तडीपारीही सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली होती. सरकारी निधीतल्या गैरव्यवहाराबद्दल त्याने माहिती अधिकारात अर्ज आणि तक्रारी केल्या होत्या.

वकीलताईंनी निकालाची प्रत मला पाठवली. इंग्रजी अडखळत वाचलं, पण कुटुंब आणि रोजीरोटीबद्दलच्या ओळींशी आलो आणि पुढे वाचवेना. माझ्या घरात जे चाललं होतं ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला ठाऊक होतं. मी कुणाकडे दया मागत नव्हतो, माझा हक्कच मागत होतो, ही खात्री मला त्या दिवशी झाली.

काही महिन्यांनी माझ्याही याचिकेचा निकाल लागला. दोन वर्षांच्या मुदतीला कारण नाही, शेजारच्या जिल्ह्यांना कारण नाही, निर्दोष सुटलेला खटला विचारात घेतला, या मुद्द्यांवर उच्च न्यायालयाने आदेश रद्द केला. पण तोवर जे महिने गेले होते, ते परत देण्याची कोणतीही तरतूद कायद्यात नाही.

तेव्हापासून आसपासच्या गावांतली पोरं नोटीस आली की माझ्याकडे येतात. कुणावर मोर्चाचे गुन्हे असतात, कुणावर भावकीच्या भांडणातले. त्यांना मी जे सांगतो तेच इथे लिहितो. नोटीस घ्यायला टाळू नका, सुनावणीला गैरहजर राहू नका. उत्तर लेखीच द्या आणि त्याची पोच घ्या. प्रत्येक गुन्ह्याची आजची स्थिती पुराव्यानिशी मांडा. इतका काळ का आणि इतकं क्षेत्र का, हे दोन प्रश्न उत्तरातच विचारा. अपिलाचे तीस दिवस हुकवू नका. पुढच्या न्यायालयाला तुमची बाजू दिसते ती याच कागदांतून.

आणि आदेशावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. ज्याच्याविरुद्ध काही सिद्ध झालेलं नाही, अशा माणसाला घराबाहेर काढायचा अधिकार तुम्हाला कायद्याने दिला आहे. तो वापरायची वेळ आलीच, तर कारणं लिहा, खरी लिहा आणि त्या माणसापुरती लिहा. ती लिहिता येत नसतील, तर त्या आदेशावर सही करू नका.