तट्टू उभं करताना

राजा बढे यांच्या गीतामुळे भीमथडीच्या तट्टांचं नाव घरोघरी पोचलं. ते गीत २०२३ पासून आपलं राज्यगीत आहे. आता कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे भीमथडी ही घोड्याची आठवी जात म्हणून नोंदलीही गेली. मारवाडी आणि काठियावाडीच्या शेजारी तिला प्रदर्शनाच्या रिंगणात मानानं उभं करायचं, तर भीमथडी म्हणूनच करावं. तट्टाला खाऊ घालून फुगवायचं, मान उंच बांधायची, नाचायला शिकवायचं, यातलं काहीच मला पटत नाही.

•

धनगरांच्या वाड्याबरोबर वाढलेल्या तट्टाचं अर्धं शिक्षण रस्त्यावर झालेलं असतं. पाऊसकाळ सरला की हे वाडे देशावरून कोकणाकडे निघतात. तट्टाच्या पाठीवर राहुटी, भांडीकुंडी, कोंबड्या आणि कालपरवा जन्मलेलं कोकरूसुद्धा असतं. ट्रकचा हॉर्न, कुत्री, पुलाखालचं पाणी, कशालाच ते बुजत नाही. त्याला भीती असते एकटेपणाची. सोबतीच्या घोडीपासून थोडं दूर नेलं की मान वर होते, खिंकाळी सुरू होते आणि ते माणसाभोवती गरगर फिरू लागतं. रिंगणात हेच घडतं आणि बघणारे म्हणतात, जनावर खोडीचं आहे. ते खोडीचं नसतं. त्याला रोज थोडं लांब न्यावं, तिथं चरू द्यावं आणि ते कावरंबावरं व्हायच्या आत परत आणावं. घाबरल्यावर परत आणलं, तर घाबरलं की सुटका होते एवढंच ते शिकतं.

•

सगळ्यात अवघड काम म्हणजे उभं राहणं. धावायला कुणीही शिकवतं.

माणूस डाव्या अंगाला, खांद्याशी. थेट कपाळासमोर उभं राहू नये, तिथलं घोड्याला दिसत नाही. परीक्षकाला एका बाजूनं चारही पाय दिसले पाहिजेत, म्हणून त्याच्याकडचे दोन पाय थोडे मोकळे आणि पलीकडचे जरा आत. हे करताना लोक वाकून पाय ओढतात. तट्टू पाय काढून घेतं आणि मग झटापट. त्यापेक्षा खांद्यावर हलका हात टेकावा. वजन पलीकडे गेलं की अलीकडचा पाय आपोआप मोकळा होतो. मग मोहरकीची दोरी किंचित पुढे आणि एकच पाऊल. पाऊल पडलं त्या क्षणी ताण सोडायचा. तिथं उशीर झाला, तर आपण नेमकं कशाला हो म्हटलं हे त्याला कळत नाही.

सुरुवातीला दोन श्वास उभं राहिलं तरी पुरे. लगेच चालवावं.

•

दुडकीला दोरी सैल हवी. परीक्षक मान बघत असतो: पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकला की मान वर उचलली जाते. दोरी आखडून मान बांधलीत, तर निरोगी तट्टूही अडखळत चालल्यासारखं दिसतं. वळवताना उजवीकडे, आपल्यापासून दूर वळवावं, म्हणजे पाय तुडवला जात नाही आणि परीक्षकाला जनावर दिसत राहतं.

•

खुराक. इथं माझा जीव तुटतो. माळावरच्या वाळल्या गवतावर पिढ्यान्‌पिढ्या तगलेलं जनावर प्रदर्शन जवळ आलं की एकदम हरभरा, जव, गूळ यांवर आणतात. आठवड्यात अंगावर तुकतुकी येते, सगळे खूश. आणि एका सकाळी तट्टू पुढचे पाय लांब टाकून सगळं वजन टाचांवर घेऊन उभं असतं. खूर हाताला गरम लागतो, खुराच्या वर मागच्या बाजूला नाडी ठणठण उडते. खुराच्या आतले, हाडाला धरून ठेवणारे पापुद्रे सुजलेले असतात. ते सैल झाले की हाड आत फिरतं, आणि मग पहिल्यासारखी चाल परत मिळेलच असं नाही. कुठलाही बदल हळूहळू करावा, चारा थोडा थोडा पण वारंवार द्यावा. घोड्याचं पोट शरीराच्या मानानं लहान असतं. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की लागाव्यात.

•

खूर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी साळावेत. चकाकीसाठी खुराचा बाहेरचा पृष्ठभाग कानशीनं घासू नये. त्याचं नैसर्गिक कवच जातं आणि खूर कोरडा पडून चिरतो. भीमथडीचा कठीण खूर हेच तर दाखवायचं आहे!

खरारा गोल फिरवत, मग ब्रश केसांच्या दिशेनं. ओठांभोवतीचे लांब केस कापू नयेत. त्यांच्यावर तट्टू जवळचं चाचपतं. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघानं तर २०२१ पासून आपल्या स्पर्धांत ते कापायला बंदीच केली आहे.

•

मापाची काठी आधीच ओळखीची करून द्यावी. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत नाल नसताना खांद्याच्या उंचवट्याशी १४८ सेंटिमीटरपर्यंत पोनी धरतात. बुजलेलं तट्टू मान ताणतं, अंग चोरतं आणि माप चुकतं.

•

सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो. तिथं गिऱ्हाईक आधी केसांचे भोवरे बघतं: शुभ मानलेला देवमण आहे का, अशुभ भोवरा कुठे. मी आधी गुडघे बघतो, मग दात. मधले दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडतात, त्यांच्या बाजूचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. तोंडात अजून दुधाचे दात असलेल्या शिंगराला ढोलाच्या तालावर मागच्या पायांवर उभं करतात, तेव्हा गर्दी शिट्ट्या वाजवते. त्याच्या मणक्यांची वाढ अजून व्हायची असते. भोवऱ्यानं कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नाही. कोवळ्या वयात पाय गेलेली शिंगरं मात्र प्रत्येक बाजारात दिसतात.

•

निघण्याआधी: ग्लँडर्सची रक्ततपासणी वेळेत करून दाखला सोबत ठेवावा. हा रोग माणसालाही होतो, म्हणून यात सवलत मागू नये. घरचा चारा न्यावा. परकं पाणी प्यायला तट्टू नाखूश असेल तर घरचंच पाणी कॅनमधून न्यावं. शक्य तर आदल्या दिवशी पोचावं, रिंगण रिकामं असताना त्याला आत दोन फेऱ्या मारू द्याव्यात आणि कुठल्या कोपऱ्याला लाउडस्पीकर आहे ते पाहून ठेवावं.